हिंटरग्राऊ सरोवरातला उपाशी जीव

जिवाणूला नाव मिळणं हे माणसाला नाव मिळण्यापेक्षा फार अवघड असतं. माणसाचं काय, जन्मला की चर्चमध्ये नेऊन डोक्यावर पाणी घालतात, झालं नाव. जिवाणूच्या बाबतीत आधी तो दुसरा कुणी नाही हे सिद्ध करावं लागतं, आणि मग तो दोन वेगवेगळ्या देशांतल्या दोन जिवाणूसंग्रहांत जिवंत पोचावा लागतो. ‘जिवंत आहे, वाढतो आहे’ असा दाखला दोन्हीकडून आला तरच नाव खरं. एकीकडे जरी मेला तरी सगळं मुसळ केरात.

हे मला नीट माहीत आहे, कारण असा एक जिवाणू मी मारला. एकूण एक. आणि तोही प्रेमाने.

माझं नाव नोटबुर्गा मुंगेनास्ट. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या आमच्या संस्थेत मला सगळे बुर्गल म्हणतात, एकटे प्राध्यापक पिर्खर सोडून. ते गेली सव्वीस वर्षं मला ‘फ्राऊ मुंगेनास्ट’, म्हणजे मुंगेनास्टबाई, आणि ‘तुम्ही’ म्हणतात, आणि मी त्यांना ‘हेर प्रोफेसर’, म्हणजे प्रोफेसरसाहेब. माझं काम प्लेटा ओतण्याचं. सरोवरांच्या पाण्यातले जीव ज्यावर वाढवायचे तो जेलीसारखा अगार मी शिजवते, त्यात मोजून अन्न घालते, प्लेटांत ओतते, आणि काम झालं की त्या प्लेटा वाफेत उकळून टाकून देते. थोडक्यात, स्वयंपाकही माझा आणि भांडीही माझीच. बाकीचे पाहुणे.

हिंटरग्राऊ सरोवराचं पाणी रोमानाने एका सप्टेंबरात आणलं होतं. रोमाना ही आमची पीएचडीची विद्यार्थिनी, एकोणतीस वर्षांची, बारीक चणीची, बोलायला फटकळ. सरोवर सव्वीसशे मीटरवर आहे. वर्षातले आठ महिने बर्फाखाली, आणि उरलेले चार महिने इतकं स्वच्छ की तळाचे दगड मोजावेत. स्वच्छ पाणी म्हणजे रिकामं पाणी. त्यात खायला जवळजवळ काही नसतं. म्हणून रोमानाने मला सांगितलं होतं, ‘बुर्गल, नेहमीच्या अन्नाचा दहावा हिस्सा घाल. जास्त नको.’ मला ते जिवावर आलं होतं. दहावा हिस्सा म्हणजे काय, पाहुण्याला नुसता वास द्यायचा?

आठ अंशांवर ठेवलेल्या त्या प्लेटांवर दोन आठवड्यांत काही उगवलं नाही. नियमाप्रमाणे तेव्हाच टाकून द्यायला हव्या होत्या, पण मी त्या पाच आठवडे ठेवल्या. शास्त्र वगैरे काही नाही, खालच्या कप्प्यात होत्या, आणि मला तेव्हा कंबरेचा त्रास होता. पाचव्या आठवड्यात त्या काढताना एक प्लेट खिडकीकडे तिरकी झाली, आणि तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसले. रंग नाही, चमक नाही. दिसले म्हणायचं ते एवढ्याचसाठी की ते आधी नव्हते.

रोमानाने त्यांच्या एका जनुकाची अक्षरं जगभरच्या यादीशी ताडून पाहिली. सगळ्यात जवळच्या नातेवाइकाशी शंभरातली शहाण्णव जुळली. आमच्या धंद्यात अठ्ठ्याण्णवच्या खाली गेलं की सख्खं नाही, चुलत नाही, घरच वेगळं.

‘बुर्गल, हा कुणाचाच नाहीये गं!’ ती म्हणाली. ‘हा आपला आहे!’

तिने मला मिठी मारली, हातमोजे न काढता. मी ओरडले तिला, पण मला फार बरं वाटलं होतं.

हिवाळाभर तिने त्याला छळला. किती गारठ्यात वाढतो, किती उबेत मरतो, मीठ किती सोसतो, कातडीत कुठलं तेल आहे, सगळा जनुकसंच काय. हिशेब लागत गेला, निबंध लिहून होत आला, नाव ठरलं, नातेवाइकांची वंशावळ काढून झाली. राहिलं एकच. मार्चअखेर तो जिवंत स्थितीत जर्मनीतल्या एका संग्रहाला आणि बेल्जियममधल्या एका संग्रहाला पाठवायचा, आणि दाखले आणायचे. रोमानाचा करार सप्टेंबरअखेर संपत होता. त्याआधी दाखले आले तर तिच्या प्रबंधाचा शेवटचा भाग पुरा, नाहीतर चार वर्षं खर्च करून हातात अर्धी वस्तू.

मार्चमध्ये तिच्या बहिणीचं लग्न निघालं फोरार्लबर्गला. ती दोन आठवडे गेली आणि जाताना जिवाणू माझ्या हवाली करून गेली. ‘या प्लेटांना तीन आठवडे झाले की नव्या प्लेटांवर घे, वाढले की पार्सल कर. एवढंच.’

आता माझं ऐका. मी शेतकऱ्याच्या घरची. आमच्याकडे कुणी गाव सोडून निघालं तर रिकाम्या पोटी उंबरा ओलांडू देत नाहीत. माझी आई पोस्टमनला सुद्धा भाकरीवर डुकराच्या मांसाचा काप ठेवून द्यायची, कारण त्याला पुढच्या खोऱ्यात जायचं असे. आणि इथे ही बिचारी टाचणीच्या टोकाएवढी पोरं, जन्मभर उपाशी, निघाली होती थेट बेल्जियमला. मी दहावा हिस्सा नाही घातला. मी पूर्ण घातलं. यीस्टचा अर्क, पेप्टोन नावाचं पचवलेलं प्रथिन, आणि चिमूटभर साखर. सगळ्या नव्या प्लेटा तशाच केल्या, घरी ठेवायच्या सुद्धा.

चार दिवसांत ते असे फुगले म्हणता! दुधाळ, गोल, मसुराएवढे. हिवाळाभर रोमानाला जे जमलं नाही ते मी चार दिवसांत केलं, म्हणून मी दिवसभर शीळ घालत होते. पाचव्या दिवशी बर्फाच्या पिशव्या घालून दोन पार्सलं रवाना केली. शुक्रवार होता, आणि शुक्रवारी लॅब आवरल्याशिवाय मी घरी जात नाही, म्हणून जुन्या प्लेटा, त्या कळकट, अर्धपोटी ठिपक्यांच्या, वाफेत घातल्या. टेबल पुसलं. प्रयोगवहीत लिहिलं, ‘नव्या प्लेटांवर घेतले. अन्न नेहमीचं.’ रोमाना त्याचा अर्थ दहावा हिस्सा असाच घेणार होती.

नवव्या दिवशी घरच्या प्लेटा पाहिल्या. मसूर विरघळले होते. जिथे ते होते तिथे पाण्याचा डाग असतो तसं काहीतरी राहिलं होतं. त्यातलं घेऊन नव्या प्लेटेवर लावलं, काही उगवलं नाही. पुन्हा लावलं, पुन्हा नाही.

एप्रिलमध्ये दोन्ही पत्रं एकाच आठवड्यात आली. जर्मनांनी लिहिलं, ‘नमुना मृत.’ बेल्जियमच्यांनी सभ्यपणे लिहिलं, ‘खेद आहे, नमुन्यात जीवनाची चिन्हं आढळली नाहीत.’ रोमानाने उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये सहा नळ्या ठेवल्या होत्या. त्या काढल्या, हळूहळू वितळवल्या, लावल्या. सहाच्या सहा मेलेल्या. तो बर्फाखाली जन्म काढणारा जीव खरा, पण बर्फाखाली पाणी असतं. गोठणं त्याला ठाऊकच नव्हतं.

‘बारशाची सगळी तयारी झाली,’ रोमाना म्हणाली, ‘आणि पाळण्यात बाळच नाही.’ ती हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही.

प्राध्यापक पिर्खर यांनी त्यावर विचार केला. ते विचार करतात तेव्हा चष्मा कपाळावर सारतात. ‘अशक्तपणा,’ ते म्हणाले. ‘आपण त्यांना उपाशी ठेवलं. घरचे टिकले नाहीत, धाडलेल्यांना प्रवास सोसला नाही. मे महिन्यात वर जाऊ, बर्फ फोडून पुन्हा पाणी आणू, आणि या वेळी चांगलं खायला घालून पाठवू. फ्राऊ मुंगेनास्ट, तुम्ही अन्न पूर्ण घालत जा.’

मी ‘बरं’ म्हणाले. सव्वीस वर्षांत इतकं लाजिरवाणं ‘बरं’ मी म्हटलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाला समजावत होते. रोज ठरवायची, आज सांगते. रोज दार ठोठावायला हात उचलायची आणि आतून आवाज यायचा, ‘या, फ्राऊ मुंगेनास्ट, बोला तुम्ही.’ त्या ‘तुम्ही’पुढे मी विषय बदलायची. मग मी विचारायची, हातमोज्यांची ऑर्डर देऊ का. तीन आठवड्यांत आम्ही अकराशे हातमोजे मागवले.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं वर गेलो. गाडी पंधराशे मीटरवर लावली, पुढे स्कीच्या तळाला कातडी पट्ट्या लावून चढायचं. आमच्या डोंगरांत एक रीत आहे. हजार मीटरच्या वर कुणी कुणाला ‘तुम्ही’ म्हणत नाही. मंत्री असो नाहीतर गुराखी, वर सगळे ‘तू’. प्राध्यापक पिर्खर ही रीत इतक्या काटेकोरपणे पाळतात की गाडीतून उतरता उतरताच म्हणाले, ‘बुर्गल, ड्रिल तू घेतेस की मी घेऊ?’

‘तू घे, गॉटफ्रीड,’ मी म्हणाले. ‘माझी कंबर.’

वर्षातून दोनतीनदाच हे होतं, आणि दर वेळी मला गंमत वाटते. त्या दिवशी नाही वाटली.

सरोवरावर दीड मीटर बर्फ होता. गॉटफ्रीडने भोक पाडलं, रोमानाने पोटावर झोपून बाटल्या भरल्या, मी झाकणं लावली. उजाडल्यापासून ऊन असं लख्ख होतं की काळा चष्मा काढवत नव्हता. बारा वाजता बाटल्या बर्फात पुरून आम्ही गिर्यारोहकांच्या आश्रयगृहात जेवायला गेलो. ते मेमध्ये बंदच असतं, पण इग्नात्स, तिथला मालक, आमच्यासाठी आदल्या दिवशी वर येऊन दारापुढचा बर्फ उपसून बसला होता. सत्तरीचा माणूस. उन्हाळ्यात गुरं आणि गिर्यारोहक, दोन्ही सांभाळतो, आणि गुरं जास्त शहाणी असतात असं म्हणतो.

त्याने सुपात चीजचे तळलेले चपटे गोळे घालून आणले. प्रत्येकाला तीन.

‘दोन पुरे,’ रोमाना म्हणाली.

‘खा. खाली उतरायचंय तुला,’ इग्नात्स म्हणाला. ‘एवढीशी तू, वाऱ्याने उडून जाशील.’

गॉटफ्रीड खूश होता. चमच्याने टेबलावर वाजवत म्हणाला, ‘तेच तर! तेच मी म्हणतोय. प्रवासाआधी पोट भरलेलं हवं. या वेळी आपल्या पोरांनाही असंच खायला घालायचं, काय बुर्गल?’

मी चमचा खाली ठेवला.

‘गॉटफ्रीड,’ मी म्हणाले, ‘तसं करू नकोस. मी तसंच केलं होतं.’

‘कसं?’

‘मार्चमध्ये. रोमाना लग्नाला गेली तेव्हा. पूर्ण अन्न घातलं मी. वर साखरही. चार दिवस फुगले आणि नवव्या दिवशी मेले. इथले, तिथले, सगळे. पार्सलने नाही मेले. मी मारले.’

इग्नात्स हातात पातेलं घेऊन तसाच उभा राहिला.

‘वहीत तर “नेहमीचं” लिहिलंय,’ रोमाना हळूच म्हणाली.

‘हो. मी लिहिलंय.’

‘आणि जुन्या प्लेटा?’

‘उकळल्या. शुक्रवार होता.’

गॉटफ्रीडचा चेहरा मानेपासून लाल होत वर गेला. ‘तीन आठवडे! तीन आठवडे मी सगळ्यांना अशक्तपणाचं सांगत सुटलोय. बेल्जियमला पत्र लिहिलं मी, बुर्गल, दोन पानी! तू मला मूर्ख बनवलंस!’

‘बनवलं,’ मी म्हणाले. ‘भीती वाटली मला. आणि लाज वाटली. आज सांगितलं नसतं तर तू यांनाही मारलं असतंस, म्हणून सांगितलं. रोमाना, मला माफ कर किंवा नको करू, पण यांना पोटभर घालू नका.’

रोमाना उठली आणि बाहेर गेली. खिडकीतून दिसत होतं, तिने इग्नात्सचं फावडं उचललं आणि जिथला बर्फ काढायची काही गरज नव्हती तिथला काढायला लागली.

‘अरे, यात नवीन काय आहे?’ इग्नात्स पातेलं खाली ठेवत म्हणाला. ‘हिवाळाभर गोठ्यात वाळकं गवत खाल्लेली गाय जूनमध्ये एकदम हिरव्या कुरणात सोडा. फुगते आणि मरते. म्हणून आधी थोडं वाळकं घालायचं, मग तासभर कुरण, मग दोन तास. माझ्या पाच वर्षांच्या नातीला कळतं हे. अति तिथे माती. तुमच्याकडे हे शिकवत नाहीत का?’

‘शिकवत नाहीत,’ गॉटफ्रीड म्हणाला.

‘आणि तू?’ इग्नात्सने माझ्याकडे पाहिलं. ‘तू तर गोठ्यातच वाढलीस की गं.’

खरंच होतं. गाईला मी असं कधीच केलं नसतं. पण गाय दिसते. तिच्या डोळ्यांकडे बघून कळतं. ठिपक्याच्या कुठे बघायचं?

अर्ध्या तासाने रोमाना आत आली. गाल लाल, केस ओले. समोर बसली, खिशातून वही काढली.

‘किती ग्रॅम?’ तिने विचारलं.

‘काय?’

‘यीस्टचा अर्क किती, पेप्टोन किती, साखर किती. अंदाजे नको सांगू. तुला आठवतं, मला माहितेय. तुला सगळं आठवतं.’

मी सांगितलं. तिने लिहून घेतलं. दिवस लिहून घेतले, तापमान लिहून घेतलं, रंग लिहून घेतला. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मग उरलेला तिसरा गोळाही थंड सुपातून काढून खाल्ला. परत उतरताना गावातल्या चर्चच्या वळणानंतर प्राध्यापक म्हणाले, ‘बाटल्या तुम्ही सांभाळा, फ्राऊ मुंगेनास्ट.’ म्हणजे खाली आलो होतो.

त्यानंतर पाच आठवडे रोमाना माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी तिला दोष देत नाही. प्लेटा मी ओतल्या, दहाव्या हिश्शाच्या, आणि प्रत्येक वजन तिला काट्यावर दाखवून केलं. तिने एकदाही ‘दाखव’ म्हटलं नाही आणि एकदाही ‘राहू दे’ म्हटलं नाही. रोज सकाळी आल्याबरोबर मी प्लेटा खिडकीकडे तिरक्या करून पाही. पहिला आठवडा, दुसरा, चौथा. पाचवा संपला. काही नाही. मला झोप लागेना. त्या सरोवरात असे किती असतील? सप्टेंबरात वर आलेले मेमध्ये तळाशी गेले असतील तर? एका माणसाने चांगल्या मनाने काय काय बुडवावं याला काही मर्यादा आहे की नाही?

सहाव्या आठवड्यात, मंगळवारी, सोळा नंबरच्या प्लेटवर तीन ठिपके होते.

मी रोमानाला हाक मारली. हाक कसली, नुसता श्वास बाहेर आला, पण ती आली. प्लेट तिरकी केली, सरळ केली, पुन्हा तिरकी केली. मग स्टुलावर बसली.

‘आपलाच असेल का?’ मी विचारलं.

‘अक्षरं वाचल्यावर कळेल.’

गुरुवारी कळलं. आपलाच होता, अक्षर न् अक्षर. रोमाना निकालाचा कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आली. कागद माझ्यापुढे ठेवला आणि प्लेट सोळाही ठेवली.

‘याला नव्या प्लेटांवर घ्यायचंय,’ ती म्हणाली. ‘तू घे.’

‘मी?’

‘दुसऱ्या कुणाचा हात तुझ्याइतका स्थिर आहे इथे? हेर प्रोफेसरांचा? घे, घे. आणि बुर्गल, खायला...’

‘नुसता वास,’ मी म्हणाले.

ती हसली. मे महिन्यानंतर पहिल्यांदा. मी दिव्याजवळ तार तापवली, गार केली, आणि जन्मात कधी केलं नसेल इतक्या सावकाश ते तीन ठिपके उचलले. जुनी प्लेट उकळली नाही. अजूनही ती खालच्या कप्प्यात आहे, आणि शुक्रवारी मी तिच्याकडे बघतही नाही.

जुलैअखेर पार्सलं गेली. प्रत्येकात वरच ठळक अक्षरांत चिठ्ठी ठेवली, ‘यांना कमी खायला द्या. तुम्हाला वाटेल त्याहून कमी.’ पार्सल पोचल्यावर बेल्जियमहून एका बाईचा फोन आला. तो मीच घेतला. बाई म्हणाली, ‘तुमच्या रेसिपीत चूक झालीय असं वाटतं. एवढ्यावर काही जगणार नाही.’

‘जगेल,’ मी म्हणाले.

‘थोडं वाढवून पाहू का? जरा बाळसं धरतील.’

‘बाई,’ मी म्हणाले, ‘तुम्ही माझ्यासारख्याच चांगल्या घरच्या दिसता. पण हात आवरा. मी एकदा वाढवून पाहिलंय. पाच आठवडे थांबा, खिडकीकडे धरून बघा, आणि तोवर दुसऱ्या कुणाला तरी जेवायला बोलवा.’

तिकडे ती हसल्याचं ऐकू आलं. सहा आठवड्यांनी, सप्टेंबरच्या बाराला, तिचा दाखला आला. जिवंत, वाढतो आहे. जर्मनांचा एकोणीसला आला. करार संपायला अकरा दिवस बाकी होते. रोमाना दोन्ही कागद घेऊन सगळ्या मजल्यांवर फिरली, अगदी पार्किंगमधल्या माणसालाही दाखवून आली. त्याने विचारलं, आजारी पाडतो का हा? ती म्हणाली, नाही, कुणाचं काहीच करत नाही, फक्त जगतो. तो म्हणाला, मग तर फारच चांगला आहे.

नाव तिने बदललं. आधी सरोवराचं नाव द्यायचं ठरलं होतं. आता लॅटिनमध्ये ‘उपाशी’ असा अर्थ होईल असं दिलं. प्राध्यापकांनी चष्मा कपाळावर सारला, दोनदा उच्चारून पाहिलं, आणि म्हणाले, सरोवराला राग येणार नाही.

नोव्हेंबरात निबंध सह्यांसाठी तयार झाला. रोमाना तोवर दुसऱ्या नोकरीवर लागली होती, पण त्या दिवशी मुद्दाम आली. प्राध्यापकांच्या खोलीत तीन खुर्च्या मांडल्या होत्या. लेखकांच्या नावांत पहिलं तिचं, शेवटचं त्यांचं, आणि मध्ये छापलं होतं ‘एन. मुंगेनास्ट’. लॅबमधल्या माणसांचं नाव शेवटी आभारात येतं, पाणी आणणाऱ्या ड्रायव्हरच्या शेजारी. मी कागदाकडे बघत राहिले. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी काही लपवलं नाही.

‘इथे सही, फ्राऊ मुंगेनास्ट,’ प्राध्यापक म्हणाले. ‘“यातलं सर्व मी वाचलं असून ते खरं आहे” असं आहे वरती.’

‘मग वाचते,’ मी म्हणाले.

‘सगळं? नऊ पानं आहेत.’

‘सही नऊ पानांखालीच आहे ना?’

ते दोघं बसून राहिले. मी वाचलं. बरंचसं मला आधीच माहीत होतं. सहाव्या पानावर अन्नाबद्दल होतं. तिथे लिहिलं होतं, ‘अन्नाची वरची मर्यादा तपासण्यासाठी या जिवाणूला दहापट अन्न दिलं. चौथ्या दिवशी वाढ सर्वाधिक; नवव्या दिवशी सर्व मृत.’ खाली ग्रॅम होते. मी आश्रयगृहात सांगितलेलेच, दशांशासकट.

मी मान वर केली. रोमाना खिडकीबाहेर बघत होती.

‘हे तू लिहिलंस?’

‘हं.’

‘तपासण्यासाठी?’

‘ते तसंच लिहितात, बुर्गल. कुणाचं काय बिघडतं त्याने? आकडे खरे आहेत.’

ते तिने माझ्यासाठी केलं होतं, आणि मला ते कळत होतं. जगभरात कुठेही कुणी वाचलं असतं तर म्हणालं असतं, वा, या मुंगेनास्टबाईंनी काय नेटका प्रयोग केला. क्षणभर मला ते आवडलंही. खोटं कशाला बोलू. पण वहीत एकदा ‘नेहमीचं’ लिहून मी काय भोगलं होतं ते मलाच ठाऊक. मी प्राध्यापकांचं पेन उचललं, ‘अन्नाची वरची मर्यादा तपासण्यासाठी’ एवढ्यावर रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘चुकून’.

‘फ्राऊ मुंगेनास्ट,’ प्राध्यापक म्हणाले, ‘असं छापत नाहीत.’

‘मग माझं नाव काढा, हेर प्रोफेसर. आभारात घाला. ड्रायव्हरशेजारी. मला चालेल.’

त्यांनी चष्मा कपाळावर सारला. मग ते रोमानाकडे वळले.

‘शास्त्रीय भाषेत “चुकून”ला काय म्हणतात?’

‘चुकून,’ रोमाना म्हणाली.

त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला आणि मी सही केली. निबंध मार्चमध्ये छापून आला. नऊ पानांत माझा स्वतःचा असा तो एकच शब्द आहे, आणि तो त्यांनी ठेवला.